आईला भाषा कुणी विचारली?

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे श्टुटगार्टला राहून गेली. (मावशीला आणि भावंडांना हे माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतोय.) परतीच्या प्रवासात विमानतळावर व्हीलचेअर मिळावी म्हणून विमान कंपनीच्या संकेतस्थळावर एक अर्ज भरायचा होता. "तू ऑफिसला जा, मी भरते," आई म्हणाली. तिला हे नवीन नव्हतं. इकडे येतानाचा अर्ज तिने पुण्यात बसून, स्वतःच्या टॅबवर, इंग्रजीत एकटीने भरला होता.

संध्याकाळी घरी आलो तर आई टॅब पालथा घालून गप्प बसलेली. तोच टॅब, तेच संकेतस्थळ, पण इथे सगळं जर्मनमध्ये उघडलं होतं. नाव कुठे, तिकिटाचा नंबर कुठे, हे तिने अंदाजाने भरलं. खाली दोन बटणं होती. त्यातलं एक दाबलं. त्यावर लिहिलं होतं 'आबब्रेशेन', म्हणजे 'रद्द करा'. झालं! पाऊण तासाचं काम पुसलं गेलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मला म्हणाली, "अरे, आज मी निरक्षर झाले बघ."

हे वाक्य मला फार लागलं. कारण आईने तिची भाषा त्या संकेतस्थळाला सांगितली होती! तिच्या टॅबवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मीच भाषांची यादी लावून दिली होती: आधी मराठी, मग इंग्रजी. आपण कुठलंही पान मागतो तेव्हा ब्राउझर मागणीच्या चिठ्ठीसोबत ही यादीही पाठवतो. तिला 'अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज' म्हणतात. प्रत्येक भाषेपुढे ० ते १ मधला एक आकडा लावता येतो. आकडा जितका मोठा, तितकी त्या भाषेची पसंती जास्त. म्हणजे आईचा टॅब म्हणत होता, "मराठी असेल तर द्या, नसेल तर इंग्रजी चालेल." जर्मनचं त्यात नावही नव्हतं. ही सोय काही कालची नाही. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांत ती लिहिलेली आहे.

मग झालं काय? संकेतस्थळाने चिठ्ठी वाचलीच नसावी. मागणी कुठल्या आयपी पत्त्यावरून आली ते पाहिलं, पत्ता जर्मनीतला निघाला, आणि माणूसही जर्मन ठरवून टाकला. पाहुणा दारात उभा राहून "मला चहा चालेल" म्हणतोय, आणि आपण त्याच्या गाडीची नंबरप्लेट बघून कॉफी ओततोय, असा हा प्रकार.

तिकिटाची किंमत, कर, कायदे हे जागेवरून ठरवा, त्याला माझी हरकत नाही. पण देश आणि भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगावात एकाच गल्लीत मराठी आणि कानडी घरं शेजारी असतात. स्वित्झर्लंडमध्ये तर चार राष्ट्रभाषा. तिथे पत्त्यावरून भाषा कशी ओळखणार?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मी स्वतः ह्याच धंद्यातला, त्यामुळे ती मला ठाऊक आहे. एक तर बहुतेक यंत्रं दुकानातून येतानाच इंग्रजी घेऊन येतात आणि ती यादी कुणी बदलत नाही. त्यामुळे चिठ्ठीत 'इंग्रजी' लिहिलंय म्हणजे माणसाला इंग्रजीच हवंय असं म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे गूगलचा पानं गोळा करणारा यंत्रमानव अशी चिठ्ठी पाठवतच नाही. एकाच पत्त्यावर चिठ्ठी पाहून पान बदललं, तर बाकीच्या भाषांतली पानं त्याला दिसायचीच नाहीत.

पण ह्यावरचा उपाय कठीण नाही. प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा पत्ता द्या. माणूस पहिल्यांदा आला की चिठ्ठी वाचा. त्याने स्वतः भाषा निवडली की तीच लक्षात ठेवा. आणि भाषा बदलायची सोय डोळ्यांना दिसेल अशी ठेवा, प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत लिहून. आईच्या त्या पानावरही सोय होती म्हणे, अगदी तळाशी, 'श्प्राख' ह्या जर्मन शब्दामागे! ज्याला जर्मन येत नाही त्याने जर्मन वाचून जर्मनमधून बाहेर पडायचं.

असं करणारे आहेतही. डेबियन ह्या मुक्त संगणकप्रणालीचं संकेतस्थळ कितीतरी वर्षं ब्राउझरची यादी पाहून पान देतं. शिवाय पानाच्या तळाशी इतर भाषांची नावं त्या त्या भाषेत देतं, आणि यादी कशी बदलायची तेही सांगतं.

एवढं सगळं तावातावाने लिहायला बसलो आणि सहज माझ्या लॅपटॉपची यादी उघडली. इंग्रजी (अमेरिका). फक्त तेवढंच! मराठीत ब्लॉग लिहिणारा मी, आणि माझा ब्राउझर रोज जगाला सांगतोय की ह्याला मराठी नको. "मराठीत मागणीच नाही" असं उद्या कुणी कंपनीवाला म्हणाला, तर त्याच्या हिशेबात मीही आहे की!

त्या दिवशी मराठी वर घेतली. फायरफॉक्स असो वा क्रोम, सेटिंग्जमध्ये 'भाषा' शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. लगेच फरक पडेल असं नाही, अजून तरी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या नंबरचं इंग्रजीच उघडतं. पण आपण मागितलंच नाही, असं तरी कुणी म्हणणार नाही.

आईचा अर्ज त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून भरला. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत एक नवं पान दिसलं. वर तारीख, खाली तिच्या वळणदार अक्षरात: वाइटर = पुढे. आबब्रेशेन = रद्द.

ती शिकली. संकेतस्थळ कधी शिकणार?