गाळ निघाला, वनस्पतींचे काय?

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने ओढे अडवून हे तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. त्यांना आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे म्हणतात. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि हा वारसा दोन जिल्ह्यांत वाटला गेला.

या तलावांच्या दुरुस्तीचा विचार झाला, तो बहुधा पाळ, तुडुंब आणि गाळ यांपुरताच. २०१७ साली आलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे नावच पुरेसे बोलके आहे. गाळाचे घनमीटर मोजता येतात. पाण्याखालच्या वनस्पतींची नोंद कोणी ठेवत नाही. वास्तविक तलावाचा प्राण त्यांच्यातच असतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत नरसाळ्याखाली हायड्रिलाची फांदी ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखविले जातात. तोच व्यापार तलावाच्या तळाशी अहोरात्र नव्हे, पण सूर्य असेतोवर चालू असतो. याच वनस्पतींच्या आश्रयाने स्थानिक मासे अंडी घालतात, पिले लपतात आणि पाणपक्षी चरतात. वनस्पती गेल्या की मासळी घटते, आणि ढिवरांच्या चुलीवर त्याचा परिणाम लगेच दिसतो.

त्यांच्या ऱ्हासाची कारणे गूढ नाहीत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमाने तलावांचे काठ व्यापले. तोडून तिथेच टाकलेला त्याचा तुकडाही पुन्हा रुजतो. झटपट उत्पन्नासाठी सोडलेला गवत्या, म्हणजेच ग्रास कार्प, वनस्पतींवरच पोसला जातो. वैनगंगेवर पसरणारी जलपर्णीही मूळची परदेशीच. तिच्या फुलांच्या मोहापायी माणसानेच ती जगभर नेली. मत्स्यपेटीतील परकी रोपे नको झाल्यावर तळ्यात फेकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यावर उपायही याच भूमीत सापडला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांचे पारंपरिक ज्ञान अभ्यासाचा विषय केले. पुढे अर्जुनी मोरगाव परिसरातील मच्छीमारांनी, विशेषतः स्त्रियांनी, बेशरम समूळ उपटून, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची मशागत करून तेथे स्थानिक जलवनस्पती लावल्या. धानाच्या रोवणीत मुरलेल्या हातांना ही शेती परकी नव्हती.

वनस्पती वाढल्या की जाळी अडकतात आणि पाटांत पाणी तुंबते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु पृष्ठभाग झाकून खालचा प्रकाश हिरावणारी जलपर्णी आणि तळाशी रुजून पाणी जिवंत ठेवणारी वनस्पती यांना एकाच मापाने मोजणे हा अविचार होय. शेतात निंदण करावे लागते म्हणून कोणी पेरणी सोडत नाही.

म्हणून गाळ काढण्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात जलवनस्पतींच्या लागवडीचा खर्च धरला जावा. तळ सरसकट न खरवडता काही भाग बियाण्यासाठी राखावा. तलावाचा ठेका देताना गवत्या न सोडण्याची अट असावी आणि लागवडीची मजुरी ढिवर संस्थांना मिळावी. शाळांनी गावच्या तलावातील वनस्पतींची नोंदवही ठेवली, तर विज्ञानाचा तास वर्गाबाहेरही सार्थकी लागेल. गाळ उपसल्याने तलाव खोल होतो. तो जिवंत होण्यासाठी मात्र लागवडच करावी लागते.