बाळंतिणीचा गाऊन आणि आपलं कापडाचं गाव

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे स्तनपान सप्ताह. १ ते ७ तारखेपर्यंत बॅनर लागतात, पाहुणे येतात, आईचं दूध म्हणजे अमृत हे माईकवरून चार-पाच वेळा ऐकू येतं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पुढं वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षांपर्यंत, हेही सगळे बरोबर सांगतात. केंद्राचा 'माँ' कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. सगळं मान्य. पण पाजताना त्या बाईनं अंगावर घालायचं काय, हा प्रश्न त्या स्टेजवरून कुणी काढलेला मी अजून ऐकला नाही. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. तेवढ्या वेळा जो कपडा उघडायचा आणि मिटायचा, तो कुठं मिळतो आणि कितीला मिळतो?

हे मी इचलकरंजीत बसून विचारतोय, जिथं दारातून बाहेर पडलं की मागाचा खटखटाट ऐकू येतो. पॉपलीन, मलमल, केंब्रिक, धोतर, सगळं इथं विणलं जातं. आणि याच गावात बाळंतिणीला चांगल्या सुती कापडाचा गाऊन परवडणाऱ्या भावात मिळायला चार दुकानं पालथी घालावी लागतात. गेल्या महिन्यात बहिणीसाठी मीच घातली, म्हणून सांगतोय. साधा कॉटन गाऊन अडीचशे-तीनशेला. त्याच कापडाचा, त्याच मापाचा, फक्त छातीवर दोन उभ्या चेन असलेला 'फीडिंग' गाऊन मागितला की साडेपाचशे-सहाशे. का हो, म्हणून विचारलं तर, "दादा, मॅटर्निटीचा माल आहे." चेनीचे दोघींचे मिळून पंधरा-वीस रुपये, शिलाईचे फार तर आणखी तीस-चाळीस धरा. बाकीचे पैसे 'मॅटर्निटी' या शब्दाचे.

बरं, सहाशे देऊन तरी धड मिळावं. बऱ्याच गाऊनांना चेनीवर झाकायची पट्टीच नसते, त्यामुळं बाळाच्या गालाला चेनीचे दात घासतात. चेन इतकी आखूड की उघडली तरी उपयोग नाही, पुन्हा गळा खाली ओढायचा. कॉटन म्हणून रेयॉन देतात, दोन धुण्यांत तो आखडतो. ऑनलाइन कुर्त्या फोटोत छान दिसतात, किंमत हजाराच्या पुढं, आणि आतून पॉलिएस्टरचं अस्तर! बाळंतिणीला घाम जास्त येतो, दूध गळतं, त्यात एप्रिल-मे. पॉलिएस्टर हे सगळं अंगाला चिकटवून ठेवतं. काहीजण जीएसटीकडे बोट दाखवतील. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच आहे, तेव्हा कराला कशाला बदनाम करायचं?

हे बोलायला लागलं की घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, "आमच्या वेळेला कुठं असली थेरं होती?" होती की! तुमच्या सासूबाई पुढं गाठ मारायची चोळी घालत. गाठ सोडली की काम झालं. वर पदर. इतका सोयीचा कपडा कुठल्याही कंपनीनं आजवर काढलेला नाही. पुढं पुढच्या हुकांचा ब्लाऊज आला, तोही चालून जायचा. आता फॅशन मागच्या हुकांची आणि गळाबंद कुर्तीची. बारशालाच बघा. बाळाची आई भरजरी साडीत, ब्लाऊजला मागं दोरी-हुक, बाळ भुकेनं रडतंय आणि आत्याबाई म्हणतायत, "थांब गं, फोटो होऊ दे."

आणि साडीच बरी म्हणणाऱ्यांनी सिझेरियन झालेल्या बाईला विचारावं, परकराची नाडी नेमकी कुठं येते. टाक्यांवर. म्हणून तर गाऊन लागतो. पण गाऊनवर ती अंगणात आली की कुजबुज सुरू. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवलीत तर दिवसा गाऊन घालणाऱ्या बाईला ५०० रुपये दंडाचा फतवा निघाला होता, तोही महिला मंडळाचा. बाई उघडी दिसू नये म्हणून एवढी काळजी करणाऱ्यांना, पाजायच्या वेळी घट्ट कुर्ती गळ्यापर्यंत वर ओढून तीच बाई जास्त उघडी पडते, हे दिसत नाही की बघायचं नसतं?

सगळ्यात शहाण्या आपल्या शेतातल्या बायका. खुरपायला, ऊस तोडायला जाताना साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा जुना शर्ट चढवतात. पाचटापासून अंग वाचतं, आणि लेकरू बांधावर असेल तर पुढची चार बटणं सोडली की झालं. फुकटातला फीडिंग ड्रेस. त्यांना बाळंतपणाची रजा मात्र कुठलाच कायदा देत नाही, तो वेगळा विषय.

ज्यांना कायदा देतो त्यांचं बघू. मातृत्व लाभाच्या कायद्यानं कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, रोज दोन वेळा पाजायची सुट्टी दिलेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. आता त्या आईचा युनिफॉर्म बघा. शोरूममधल्या पोरींना, खाजगी दवाखान्यातल्या नर्सना, सिक्युरिटीतल्या बायकांना एकाच साच्यातला ड्रेस मिळतो. गळा बंद, चेन मागं, कापड टेरिकॉट. पाजायला मिळालेली सुट्टी तो ड्रेस काढण्या-घालण्यातच जाते. ऑर्डर देताना टेलरला 'पाच ड्रेस पुढून उघडणारे' एवढं सांगायला मालकाला काही जास्त पैसे पडत नाहीत. त्याला सुचतच नाही, आणि त्या मुलींची मागायची हिंमत होत नाही.

हिरकणी कक्षांचंही तेच. खोली पाहिजेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सार्वजनिक ठिकाणी अशी जागा असावी म्हणून राज्यांना सांगितलं. पण खोली स्टँडवर असते, भूक एसटीत लागते. कागलच्या पुढं गाडी गेल्यावर बाळ रडायला लागलं तर खोली कुठून आणणार? तिथं अंगावरचा कपडाच कामाला येतो.

आता सरकारकडे वळतो, कारण सरकार कपडे देत नाही असं अजिबात नाही. २०२३ ते २८ च्या वस्त्रोद्योग धोरणाखाली अंत्योदय कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला एक साडी फुकट मिळते. अशी चोवीस लाखांवर कुटुंबं आहेत. साड्यांची व्यवस्था यंत्रमाग महामंडळाकडे, हेतू हा की मागवाल्यांना काम मिळावं. हेतू चांगलाच आहे, आपल्या गावाचं पोट त्यावर आहे. साडीला साडेपाच मीटर कापड लागतं, गाऊनला साधारण तीन. म्हणजे ज्या घरात त्या वर्षी बाळंतपण झालंय, तिथं साडीऐवजी सुती कापडाचे दोन फीडिंग गाऊन दिले तर कापडाचा खर्च फारसा हलत नाही. माग आपलेच चालतील, शिवायला बचत गट आहेतच. दुसरा रस्ता तर तयारच आहे. सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालं की २०१९ पासून दोन हजारांपर्यंतचं बेबी केअर किट देण्याची योजना आहे. त्याच पिशवीत दोन गाऊन घाला. मातृवंदना योजनेचे पाच हजार आईच्या खात्यावर येतात खरे, पण त्यातून स्वतःसाठी सहाशेचा गाऊन घेणारी बाई मला दाखवा.

सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत बाळंतविड्याचं आपल्या हातात आहे. दुपटी, झबली, कुंची, सगळं बाळाला येतं. आईला येते एक सिंथेटिक साडी आणि ब्लाऊजपीस. तो पीस या ओटीतून त्या ओटीत फिरत वर्षानं आपल्याच घरी परत आलेला मी पाहिलाय. (घडीसुद्धा मोडलेली नव्हती.) त्याऐवजी सुती गाऊन न्या. महाग वाटला तर साधा घ्या आणि गल्लीतल्या टेलरताईकडून चेन बसवून घ्या. जुन्या कुर्तीला प्रिन्सेस कटची शिलाई असेल तर त्याच शिलाईत दोन्ही बाजूंनी लपती चेन बसते, बाहेरून कळतही नाही. चेन प्लास्टिकची, आतून कापडाची पट्टी. माप एक नंबर मोठं. आतले कपडे मात्र आधी ढीगभर घेऊ नका, दूध उतरल्यावर माप बदलतं, आणि घट्ट ब्रानं दुधाच्या गाठी होतात, ताप येतो. दूध टिपायला विकतचे पॅड नकोत, धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या चौपदरी घड्या चालतात. धोतराची आपल्याकडे काय कमी!

आणि गावातल्या गाऊन शिवणाऱ्या कारखानदारांना एक सरळ प्रश्न. पुढच्या लॉटमधले शंभर पीस चेन लावून साडेतीनशेला काढून बघायला काय हरकत आहे? मी स्वतः दहा घेतो. आमच्या भिशीतल्या घरांमध्ये या वर्षात चार बारशी आहेत.