बोलपटाचा दुसरा भाग आणि आमच्या घरातील वाद

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी मोठा वाद माजला. तो शेताच्या बांधाविषयी नव्हता, की सोयरिकीतील मानपानाविषयीही नव्हता. वाद होता एका विनोदी बोलपटाविषयी. आणि नऊ वर्षांच्या पुतणीपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींपर्यंत सर्वांनी त्यात हिरिरीने भाग घेतला. शाळेच्या वार्षिकाकरिता काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा एखाद्या भारदस्त विषयाच्या शोधात फिरण्यापेक्षा या वादाचीच हकीकत सांगून आपले मत नमूद करावे, असे आम्ही ठरविले. विषय हलका म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटू नये, एवढीच विनंती.

नारायणगडास आम्ही धाकटी पंढरी म्हणतो. नगद नारायण महाराजांच्या या गडावर टाळमृदंगाचा घोष हवा तेवढा ऐकावयास मिळतो. बोलपट पाहावयाचा तर घरातील टीव्हीवर, नाही तर हातातील मोबाइलवर. त्या सुटीत आमच्या पुतण्याने ‘दे धक्का’ या बोलपटाचे दोन्ही भाग लागोपाठच्या दोन रात्री सर्वांस दाखविले. शेजारची दोन-चार मुलेही सतरंजीवर येऊन बसली होती.

पहिला भाग २००८ सालचा. अतुल काळे व सुदेश मांजरेकर यांनी तो दिग्दर्शित केला. यंत्राच्या शोधापायी हातचे सारे घालवून बसलेला मकरंद जाधव, त्याची पत्नी, मुले, म्हातारा बाप आणि धनाजी, असे हे कोल्हापूरकडील बिऱ्हाड मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी एका मोडक्या गाडीतून मुंबईस निघते. गाडी ढकलल्यावाचून चालू होत नाही. बोलपटाचे नावच त्यावरून पडले आहे. मूळ कल्पना ‘लिटल मिस सनशाइन’ या २००६ सालच्या अमेरिकन बोलपटातील. परंतु मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम व सिद्धार्थ जाधव या नटांनी ती अशी काही आपलीशी केली की, ती परक्या मुलखातून आली आहे हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानी येऊ नये. त्या रात्री आमचे घर हसून हसून लोटपोट झाले. मातोश्रींनी तर डोळ्यांस पदर लावला. हसण्याने की रडण्याने, ते त्यांनी सांगितले नाही.

दुसरा भाग चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये आला. महेश मांजरेकर व सुदेश मांजरेकर हे त्याचे दिग्दर्शक. मुख्य नटमंडळी बहुतेक तीच, मुलीच्या भूमिकेत मात्र नवी नटी, आणि स्थळ लंडन. गांजलेपणाचे दिवस मागे टाकून जाधव कुटुंब परदेशी गेले आहे. हा भाग संपला तेव्हा घरात तीन पक्ष पडले होते. आमचे वडील बंधू म्हणाले, “नाव विकण्याचा धंदा आहे हा, दुसरे काही नाही.” पुतणी व तिच्या मैत्रिणी खूश होत्या, त्यांस लंडन पाहावयास मिळाले, झगमगाट मिळाला. पुतण्या मधोमध उभा. त्याच्या मते पहिला चांगला, पण दुसराही काही टाकाऊ नाही, आणि दोहोंची तुलना करणे हाच मुळी अन्याय. मातोश्रींनी मात्र अर्ध्यावरच विचारले, “अरे, यांना आता कमी काय आहे?” आणि कुशीवर वळून त्या निजल्या.

वडील बंधूंचे म्हणणे आम्हांस प्रथमदर्शनी पटले होते. पण विचारांती ते अपुरे वाटू लागले. एकदा आवडलेली माणसे पुन्हा पाहावयास मिळावी, ही इच्छा काय आजची आहे? चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी पुस्तकांतून लोकांच्या इतकी परिचयाची झाली की, मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पाहावं करून’ हा बोलपट काढला आणि लगेच १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’मध्ये तीच जोडी पुन्हा पडद्यावर आणली. दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांस त्याच वेषात पुन्हा पाहण्यासाठी लोक गेले, ते काही फसून गेले नाहीत. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर यांचा चिमणरावही असाच घरोघर पाहुणा म्हणून येत राहिला.

किंवा आमच्या गडाकडेच पाहा. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते. कृष्ण, गोपाळ, त्यांच्या शिदोऱ्या आणि पेंद्याची फजिती, हे सारे श्रोत्यांस तोंडपाठ असते. तरी पेंद्या बोलू लागला की मंडपात हशा पिकतो; मागील वर्षी पिकला होता त्याच जागी पिकतो. तेव्हा जुन्या गोष्टीचा लोकांस कंटाळा येतो असे कोणी म्हणू नये. मात्र कीर्तनकार पेंद्याला कधी श्रीमंत करीत नाही, हे आम्हांस या निमित्ताने प्रथमच जाणवले. त्याची शिदोरी दरवर्षी तितकीच गरिबाची असते, आणि म्हणूनच ती सर्वांच्या शिदोरीत मिसळण्याला अर्थ असतो. चिमणरावही संसाराच्या ओढाताणीतून कधी सुटला नाही. चिं. वि. जोशी यांनी त्यास गाडीघोडा दिला असता, तर मागून आम्ही हसलो असतो कोणास?

येथवर विचार येऊन पोचला आणि आम्ही मोठ्या समाधानाने तो दुसऱ्या दिवशी ओसरीवर बोलून दाखविला. विनोदास टंचाई लागते. जाधव कुटुंबाची टंचाई संपली आणि हसूही संपले, असा आमचा सिद्धांत. सर्वांनी माना डोलावल्या. शेजारचा एक मुलगा मात्र गप्प होता. तो सातवीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून जी असंख्य कुटुंबे ऊसतोडीस निघतात, त्यांत त्याचे आईबाप असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती दोघे सांगली-कोल्हापूरकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलगा शाळेसाठी आजीपाशी राहतो. तो म्हणाला, “गुरुजी, मग त्यांनी जन्मभर गाडीच ढकलावी का?”

आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल करण्यास लाज नाही. गाडीत भांडीकुंडी, बाजली, शेळी आणि लेकरे एकावर एक रचून कोल्हापूरच्या वाटेने जाणे काय असते, हे ज्याने पाहिले आहे, त्याच्यासमोर आम्ही टंचाईचे कौतुक करीत होतो. पडद्यावरील माणूस सुखी झाला म्हणून नाराज होणाऱ्या प्रेक्षकात काही तरी खोट आहे, असे त्या मुलाचे म्हणणे. ते आम्हांस खोडता आले नाही, आणि खोडावे असेही वाटले नाही.

परंतु तेवढ्याने दुसरा भाग चांगला ठरत नाही, हेही खरे. मग उणीव कोठे? आमचे मत असे झाले आहे की, कौटुंबिक विनोदास दारिद्र्य लागत नाही. एकमेकांवाचून अडणे लागते. पहिल्या भागात गाडीस धक्का देताना म्हाताऱ्या आजोबांचा हात लागतो, घरच्या बाईचा लागतो, पोरांचा लागतो. एकाने रुसून बसावयाचे म्हटले तर सर्वांचा खोळंबा. त्या खोळंब्यातून भांडण, भांडणातून हसू, आणि हसण्यातून माया. दुसऱ्या भागात प्रसंग पुष्कळ घडतात, पण एका माणसाचे दुसऱ्यावाचून अडते आहे असे आम्हांस क्वचितच वाटले. मातोश्रींनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय हाच असावा. “कमी काय आहे” म्हणजे पैसा कमी काय, एवढेच त्यांना विचारावयाचे नव्हते.

आणि लंडनला गेल्यावर अडत नाही असे थोडेच आहे! परक्या भाषेत, परक्या थंडीत मराठी माणसाचे पदोपदी अडते. तेथील महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, ते काय हौस म्हणून? घरापासून हजारो कोस दूर असलेल्या चार माणसांस एकमेकांची गरज भासली म्हणून. कोल्हापूरच्या म्हाताऱ्या आजोबांचे लंडनात कशाकशावाचून अडेल, याचा नुसता विचार केला तरी हसू येते आणि पोटात कालवतेही. ती खाण हाताशी असून लेखकांनी ती खणली नाही, ही आमची खरी तक्रार. मकरंद जाधव लंडनला गेला याबद्दल आमची तक्रार नाही. तो सुखरूप जावो.

याच संदर्भात ‘नवरा माझा नवसाचा’ या बोलपटाची आठवण निघाली. सचिन पिळगावकर यांचा हा पहिला बोलपट २००४ सालचा, एस.टी.च्या बसमधून गणपतीपुळ्यास नवस फेडावयास निघालेल्या जोडप्याची ती गोष्ट. त्याचा दुसरा भाग वीस वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये आला, आणि या खेपेस प्रवास कोकण रेल्वेने. पहिल्यात कंडक्टर झालेले अशोक सराफ दुसऱ्यात तिकीट तपासनीस झाले. तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तर होते. याही भागाविषयी घरात एकमत झाले नाही. मुलांस तो लांबलेला वाटला आणि काही थट्टा शिळी वाटली. वडील बंधूंस, आश्चर्य म्हणजे, तो आवडला. नाव विकण्याचा आरोप येथे का लागू होत नाही, असे विचारता ते म्हणाले, “ही माणसे अजून आपल्यासारखीच तिकीट काढून डब्यात बसतात.” नवस म्हटला की घरच्या साऱ्यांस बरोबर घ्यावे लागते, एकट्याच्याने तो फिटत नाही. आमच्या सिद्धांतास यातून थोडे बळ मिळते, असे आम्ही समजतो. मुले समजत नाहीत.

पुतणीच्या आवडीचे कारण अगदीच निराळे होते. तिला गोष्टीशी कर्तव्य नव्हते. तिला आगगाडी पाहावयाची होती. २०२४ साली हा बोलपट आला तेव्हा बीड शहरात रेल्वे नव्हती. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ पासून. तोवर आमच्याकडील पुष्कळ मुलांनी आगगाडीचा डबा आतून पाहिला तो असाच, पडद्यावर. टीकाकारांनी एखाद्या बोलपटास चार तारका द्याव्या की दोन, याचा निर्णय करताना असल्या गोष्टी त्यांच्या हिशेबात येत नाहीत. येऊ शकत नाहीत, हेही समजण्यासारखे आहे. पण आईबापांच्या हिशेबात त्या याव्यात. मूल एखाद्या सामान्य बोलपटावर लुब्ध झाले म्हणजे लगेच “तुला काय कळते” असे म्हणण्याची घाई आम्ही मोठी माणसे करतो. त्यास त्यात काय दिसले हे विचारावे. उत्तर बहुधा आपल्या अपेक्षेबाहेरचे निघते. विद्यार्थ्यांसही एक सांगणे आहे. वडील माणूस जुन्या बोलपटाची थोरवी गाऊ लागले की तुम्ही हातातील मोबाइलकडे वळता. त्यांस पहिल्या भागात आपले कोणते दिवस दिसतात, हे एकदा विचारून पाहा. आमच्या मातोश्रींनी आम्हांस सांगितले नाही, ते कदाचित नातवंडांस सांगतील.

सुटी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या त्या मुलाचा आवाज ओसरीवरून ऐकू येत होता. दिवसभर तोडणी करून आई कोपीवर परतली की त्याच्याशी फोनवर बोलते. तो तिला बोलपटाची गोष्ट सांगत होता. पहिल्याची नव्हे, दुसऱ्याची. विमान, मोठाले पूल, उंच इमारती, जाधवांचे कपडे, सारे सविस्तर. फोन ठेवल्यावर आम्ही विचारले, “अरे, पहिला भाग का नाही सांगितलास? तो तर तुलाही अधिक आवडला होता.”

“पहिल्यातले तिला ठाऊकच आहे,” तो म्हणाला. “ती विचारीत होती, लंडनात थंडी फार असते का.”