शाल, श्रीफळ आणि डॉक्टरकी

बीदर-कलबुर्गी भागात एक नवी साथ आली आहे. साथीत डॉक्टर धावून येतात, हा आजवरचा अनुभव. या साथीत मात्र रोगीच डॉक्टर होतो! आमच्या कचेरीत येणारी कोणतीही समारंभपत्रिका उचला. अध्यक्ष डॉक्टर, उद्घाटक डॉक्टर, आभार मानणारेही डॉक्टर. विद्यापीठ कोणते, प्रबंधाचा विषय कोणता, असे विचारावे तर उत्तर एकच : "मानद!"

राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने सरकारी किताब बंद केले. निजामाचे 'जंग' आणि 'दौला' गेले, इंग्रजांचे रावबहादूर गेले. लष्करी आणि शैक्षणिक बहुमान तेवढे त्या बंदीतून वगळले. नेमक्या याच फटीत किताबांच्या व्यापाऱ्यांनी दुकान थाटले.

१९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा स्पष्ट आहे. संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या अथवा रीतसर अधिकार मिळालेल्या संस्थेखेरीज कोणालाही पदवी देता येत नाही. परंतु तो मोडणाऱ्यास दंड ठेवला कमाल एक हजार रुपये! एवढ्यात आज चांगली शालही येत नाही. मग बनावट विद्यापीठे निघाली तर नवल काय? आयोगाच्या बनावट संस्थांच्या यादीत बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचे एक 'वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी' वर्षानुवर्षे झळकत होते. सारे जग नावात मावले. कायदा तेवढा मावला नाही.

आणि हे घडते कोणत्या भूमीत? बाराव्या शतकात याच कल्याणात शरण जमले. अंबिगर चौडय्या म्हणजे नावाडी, मडिवाळ माचय्या म्हणजे परीट. घामाचा धंदा हीच त्यांनी नावाआधीची पदवी मानली. बीदरचा मदरसा महमूद गवानाने १४७२ मध्ये उभा केला आणि दूरदेशींचे पंडित तेथे आणले. त्याच गवानाचा १४८१ मध्ये शिरच्छेद झाला, तो एका बनावट पत्रामुळे. पत्र खोटे होते, पण त्यावरील शिक्का खरा होता. आजच्या डॉक्टरकीत कागदही खोटा आणि शिक्काही खोटा!

हा केवळ हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. आपल्याच गावातला कोणी शेतकऱ्याचा मुलगा पाच-पाच वर्षे ग्रंथालयांत हाडे झिजवतो, जुने दस्तऐवज वाचतो, मार्गदर्शकाचे उंबरे झिजवतो आणि प्रबंध पुरा करतो. त्याच्या शेजारी पैसे मोजून आलेला 'डॉक्टर' बसतो. सभा टाळ्या वाजवते ती दुसऱ्यासाठी, कारण मंडपाचा खर्च त्याने दिलेला असतो. उद्या त्या मुलाचा धाकटा भाऊ कोणता धडा घेईल? अभ्यासाने जे मिळते ते पावतीनेही मिळते, हाच ना? ज्या समाजात हा धडा रुजतो, त्याच्या शाळा कोणी बंद कराव्या लागत नाहीत. त्या आतूनच ओस पडतात.

दोष केवळ विकणाऱ्यांचा नाही. हार घालणारे आपण, पत्रिका छापणारे आपण आणि, कबूल करतो, ती नावे तशीच छापणारे आम्हीही.

म्हणून आजपासून आम्ही एक नियम करीत आहोत. वैद्य असोत वा पंडित, पदवी देणारी संस्था आणि वर्ष कळल्यावाचून या पत्रात कोणाच्याही नावामागे 'डॉ.' लागणार नाही. मंडळांनीही पत्रिका छापण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा. खऱ्या विद्वानाला तो विचारल्याचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याचे निदान तेथल्या तेथे झाले असे समजावे!