पंचांनो, मैदानावर परत या

नोकरी, संसार किंवा आजारपणामुळे शिट्टी खाली ठेवलेल्या कबड्डी पंचांनी किशोर-कुमार गटाच्या सामन्यांसाठी परत यावे, असे आम्हाला मनापासून वाटते. मधल्या काळात खेळ बदलला, हा आक्षेप खरा आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि सलग दोन चढाया गुणाविना गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, हा नियम घरोघरी पोचला. पण नियम उजळणीने येतात. पकडीच्या गराड्यातून मध्यरेषेला टेकलेले बोट हेरणारी नजरही सरावाने परतते. रडवेल्या झालेल्या बारा वर्षांच्या चढाईपटूला निर्णयाचे कारण शांतपणे सांगण्याचा धीर मात्र अनुभवच देतो. म्हणून आधी उजळणी करावी, मग शिट्टी हाती घ्यावी. निःपक्ष न्याय काय असतो, हे मुले या मातीवरच शिकतात.