बंद पडलेला ट्रक आणि अपराधी ठरणारा चालक

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. या मार्गावर पंजाबातील एखाद्या चालकाचा ट्रक तेलंगणात भररात्री बंद पडला, तर त्याची कोंडी कशी होते हे पाहण्यासारखे आहे. एक्सल तुटला असेल तर जॅक आणि क्लीनर यांच्या बळावर गाडी हलत नाही. मिस्त्री शोधायला जावे तर मागे मालाच्या चोरीची धास्ती. जागीच थांबावे तर मागून येणाऱ्या भरधाव वाहनाचे भय. मग गाडीमागे दगड व झाडाच्या फांद्या रचल्या जातात आणि तेच दगड पुढे दुसऱ्या कुणाच्या जिवावर उठतात.

याला केवळ दुर्दैव म्हणणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम २०१ बंद वाहनाने रहदारीस अडथळा केल्यास दंड सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने या दंडाची मर्यादा ५०० रुपये झाली. अकल्पित बिघाड झालेले वाहन हलविण्याचे काम चालू असेल तर हा दंड लागू होत नाही, अशी सवलतही त्याच दुरुस्तीने दिली. वरकरणी ही तरतूद न्याय्य दिसते. परंतु वाहन हलविण्याचे काम केव्हा सुरू होईल हे चालकाच्या हाती नसते. ते क्रेन केव्हा येते यावर अवलंबून असते. विलंब यंत्रणेचा, आणि अपराधी मात्र चालक!

राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदतीचा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. टोलच्या रस्त्यांवर गस्ती वाहन, रुग्णवाहिका व क्रेन ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदारांवर टाकलेली असते. या व्यवस्थेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिचा मुख्य हेतू रस्ता मोकळा करणे हा आहे. ट्रक कडेला ओढला की रस्त्यापुरता प्रश्न मिटतो. चालकाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. त्यापुढील मदत विमा कंपन्या आणि वाहननिर्माते जादा पैसे घेऊन विकतात. ती घ्यायची की नाही हे मालक ठरवतो. उघड्यावर रात्र काढतो तो चालक.

टोल रस्त्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु सुटे भाग फुकट द्या, अशी मागणी येथे नाहीच. बंद पडलेल्या वाहनाला सुरक्षित जागी नेणे हा रस्ता चालविण्याचाच भाग आहे आणि त्याचे मोल टोलनाक्यावर आधीच वसूल झालेले असते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक हाकेची व क्रेन पोहोचल्याची वेळ नोंदवून ती जाहीर करावी. विलंबाचा दंड कंत्राटदाराने भरावा. मदत मागितल्याची नोंद असलेल्या चालकावर कलम २०१ चा बडगा उगारू नये. आणि ओढून नेण्याचा खर्च चालकाच्या पगारातून किंवा भत्त्यातून कापण्यास मालकांना मनाई असावी. देशाचा माल वाहणाऱ्या श्रमिकाला मदत मिळणे हा उपकार नव्हे; तो त्याचा हक्क आहे.