पाळणाघरातला डबा : ‘संपवला का?’ एवढंच विचारून भागत नाही

संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला नाशिक रोडच्या कुठल्याही पाळणाघराच्या दारात थोडा वेळ थांबा. आई किंवा बाबा चपला न काढताच विचारतात, “काकू, आज डबा संपवला ना?” काकू म्हणतात, “हो, सगळा.” सगळ्यांना बरं वाटतं.

तुम्हीही हे रोज विचारत असाल. त्यामागची काळजी खरी आहे. जेल रोड, उपनगर, देवळाली गाव या भागांत अनेक घरांत आई-वडील दोघंही कामावर जातात. कोणी प्रेसमध्ये, कोणी रेल्वेत, कोणी सिन्नरच्या कारखान्यात, तर कोणी सकाळची पंचवटी पकडून थेट मुंबईला. मूल दिवसाचे आठ-दहा तास काकूंकडे असतं. म्हणजे नाश्ता, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं, दिवसातलं बहुतेक सगळं अन्न तुमच्या नजरेआड पोटात जातं. अशा वेळी रिकामा डबा हाच तेवढा पुरावा उरतो. पण एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मला वाटतं, लहान मुलांच्या खाण्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ याच प्रश्नात आहे.

ताटाकडे बघतंय कोण?

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, दिवसाला किती चालते, हे मुलांना भिंतीवर दिसावं, हा हेतू. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दुधात घालायच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकू नका, असं कळवलं. त्याच महिन्यात भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या तयार सिरियलमध्ये वरून घातलेली साखर असते, हा अहवाल गाजला. या सगळ्या बातम्या चांगल्या आहेत. पण तुमचं दोन वर्षांचं मूल शाळेत जात नाही, आणि काकूंच्या भिंतीवर शुगर बोर्ड नाही.

अंगणवाडीत मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील इतका पूरक आहार द्यावा, असा निकष आहे. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’मधल्या ‘पाळणा’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलं जातं, तिथेही आहार हा सेवेचाच भाग आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तर कारखान्याच्या पाळणाघरातल्या मुलांना मोफत दूध किंवा खाऊ देण्याचे नियम करता येतील, अशी सोय तेव्हाच केलेली होती. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. तुमच्या ऑफिसात ५० माणसं असतील, तर हे जरूर विचारा.

पण नाशिक रोडची बहुतेक मुलं जातात ती सोसायटीतल्या, तळमजल्यावरच्या घरगुती पाळणाघरात. तिथलं ताट बघायला सहसा कोणी येत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात एका बाळाला झालेल्या मारहाणीचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून पालक ‘कॅमेरा आहे का?’ हे नक्की विचारतात. ‘खायला काय आणि कसं देता?’ हे विचारणारे कमी भेटतात.

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांचीही नोंदणी होते. सप्टेंबर २०२५ पासून तिथे पाच वर्षांखालच्या मुलांच्या आहाराबाबतची सरकारी मार्गदर्शिका त्यांनीही लक्षात घ्यायची आहे, आणि मूल खात असताना ते सतत नजरेसमोर आणि कानाच्या टप्प्यात असलंच पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे हे होईल तेव्हा होईल. तोवर ते काम तुमचं आणि काकूंचं.

रिकाम्या डब्याची किंमत

काकूंच्या बाजूने विचार करा. एकटी बाई, सात-आठ मुलं, त्यातली दोन रांगणारी. संध्याकाळी प्रत्येक आई डबा बघणार. मग डबा संपवायचे जे मार्ग हाताशी असतात तेच वापरले जातात: समोर मोबाईल, एक घास खाल्लास तर चॉकलेट, नाहीतर बोलता बोलता तोंडात कोंबणं. कधी उरलेलं दुसऱ्या मुलाला दिलं जातं किंवा टाकलं जातं, आणि उत्तर तेच: “हो, सगळा.” काकू खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. आपण त्यांना दुसरं उत्तर द्यायला जागाच ठेवत नाही.

लहान मुलाला आपली भूक कळते. एक वर्षानंतर वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे भूकही कमी होते. एका जेवणाला चार घास आणि पुढच्या जेवणाला वाटीभर, हे या वयात नॉर्मल आहे. जबरदस्ती केली की मूल पोट भरल्याची खूण ओळखायचं विसरतं, किंवा जेवणाचा धसका घेतं. घास गालात धरून बसणारी, ताट बघताच रडणारी, ओकारी काढणारी अशी कितीतरी मुलं आमच्याकडे ‘भूक वाढवायचं टॉनिक द्या’ म्हणून आणली जातात. त्यांतल्या बहुतेकांना टॉनिकची गरज नसते.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर कामाची वाटणी सुचवली, ती मी प्रत्येक पालकाला सांगतो. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसवून द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. पाळणाघरात ही वाटणी घरापेक्षाही सोपी जाते, कारण तिथे शेजारी दुसरं मूल असतं. घरी मेथीला हात न लावणारी मुलगी मैत्रीण खाताना बघून घास घेते. नवी चव स्वीकारायला मुलाला दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते. दोनदा नाकारली की आपण ‘तिला आवडत नाही’ असं ठरवून मोकळे होतो.

यात एक अडचण मात्र आहे. एका डब्यात वेफर्स आले, की बाकी सातही डबे हरतात. म्हणून शक्य असेल तर चार-पाच पालकांनी मिळून काकूंशी ठरवा: दुपारचं जेवण सगळ्यांचं सारखं, काकूच करतील, त्याचे पैसे वेगळे देऊ. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, ताकात कुस्करलेली भाकरी, थालीपीठ, मुगाचं धिरडं. यात खर्चिक काही नाही. काकूंना रोज आठ वेगवेगळे डबे गरम करण्यापेक्षा हे सोपंच पडतं.

दूध-बिस्किटाचा सापळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. हा प्रश्न फक्त सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरचा नाही, नाशिक रोडच्या फ्लॅटमधलाही आहे.

फ्लॅटमधल्या मुलाची गोष्ट साधारण अशी असते. सकाळी निघताना बाटलीभर दूध, पाळणाघरात चहा-बिस्किट, जेवण नको म्हटलं की पुन्हा दूध, झोपताना दूध. पोट भरलेलं, गाल गुबगुबीत, आणि हिमोग्लोबिन आठ. दुधात लोह फारच कमी असतं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध जाऊ लागलं, की लोह देणाऱ्या पदार्थांना पोटात जागा उरत नाही. चहा तर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला चहाचा घोटही नको, हे काकूंना स्पष्ट सांगा. बरेचदा तो प्रेमाने बशीतून दिलेला असतो.

डब्यात डाळी, मोडाची मटकी शिजवून, नाचणी, हिरवी भाजी घातलेलं धिरडं असू द्या. वर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. घरी चालत असेल तर अंडं पाठवा, त्यासारखा सोपा डबा नाही. फळ चावून खाऊ द्या. ज्यूस दोन वर्षांखाली नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंतही दिवसाला १२५ मिलिपेक्षा जास्त नको. लोहाचं सिरप सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, १ मिलि दिलं जातं. मूल दिवसभर पाळणाघरात असल्याने आशाताई येतात तेव्हा घराला कुलूप असतं. जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन विचारा.

आणि द्राक्षं

आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायलाच हवं. जानेवारी ते एप्रिल घराघरांत द्राक्षं असतात, पाळणाघरातही पेटी येते. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बरोबर बसेल अशा आकाराचं आणि गुळगुळीत असतं. पाच वर्षांपर्यंत ते उभं चिरून चार फोडी करूनच द्यायचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे नकोत. शेंगदाणा द्यायचा तर कूट करून. खाताना मूल बसलेलं हवं. पळताना, झोपून किंवा मोबाईल बघत नाही.

घास अडकला, आणि मुलाला रडता-खोकता येत नसेल, तर पालथं धरून पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा द्यायच्या. तरी निघाला नाही, तर एक वर्षाखालच्या बाळाच्या छातीच्या मध्यभागी पाच दाब, मोठ्या मुलाला पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब. हे आलटून पालटून चालू ठेवायचं आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगायचं. दिसत नसलेला घास बोटाने काढायला जायचं नाही. हे तुम्ही आणि काकू दोघांनीही कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. वाचून हात वळत नाही.

उद्या दारात काय विचाराल?

“आज काय खाल्लं, काय नुसतं चाखलं?” इतकंच. “दोन घास खाऊन उठला” असं उत्तर आलं तर चेहरा पडू देऊ नका. काकूंना खरं सांगायची भीती वाटली नाही, तरच पुढची माहिती मिळेल. मुलाला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल, तर ती तोंडी न सांगता कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

वजन दोन-तीन महिने वाढलं नाही, चेहरा-तळवे फिकट दिसू लागले, मूल माती किंवा भिंतीचे पोपडे खाऊ लागलं, दीड वर्षानंतरही फक्त पातळच गिळतं किंवा प्रत्येक जेवणाला ठसका लागतो, तर डॉक्टरांना दाखवा. येताना काकूंकडून तीन दिवसांच्या खाण्याची नोंद लिहून आणा, चहा-बिस्किटासकट. आणि जमलं तर काकूंनाच सोबत घेऊन या.